आठ मिलिमीटरची वाट

"डॉक्टर, चिरफाड नको, दुर्बिणीनं करून टाका." एमआरआयचं पाकीट टेबलावर ठेवता ठेवताच पेशंट हे सांगून मोकळा होतो. मी पाकीट बाजूला सारतो, त्याला उताणा झोपवतो आणि गुडघा न वाकवता पाय वर उचलतो. अर्ध्यावरच पोटरीखाली कळ धावली, तर मग फिल्म बघण्यात अर्थ आहे. मणक्यांमधली सरकलेली गादी काय, कसलाही त्रास नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही सापडते. नुसत्या फिल्मवरून ऑपरेशनची तारीख देणारे आमच्यात आहेत. मला ते पटत नाही.

1934 साली मिक्स्टर आणि बार या सर्जन जोडीनं सायटिकाचं मूळ फुटलेल्या गादीत असतं हे मांडलं, तेव्हा तिथवर पोचायला पाठीचे स्नायू सोडवून हाड कापावं लागे. आता कमरेच्या बाजूनं आठेक मिलिमीटरची नळी सरकवतो. बाहेर पडणारी नस, खालच्या मणक्याची कड आणि आतल्या अंगाला मज्जारज्जूच्या आवरणाची पिशवी, यांमधल्या त्रिकोणातून ती जाते. पर्विझ काम्बिन यांचं नाव त्या त्रिकोणाला आहे. पेशंट पालथा, पण जागा. फक्त तेवढा भाग बधिर केलेला. "अंगठ्याकडे झिणझिण्या आल्या," असं तो म्हणाला की माझा हात तिथेच थांबतो. सलाइनच्या धारेत पडद्यावर निळ्या औषधानं रंगलेला गादीचा तुकडा दिसतो. चिमट्यात धरून हलकेच ओढला की उकडलेल्या खेकड्याच्या गरासारखा तंतू-तंतू होऊन निघतो. दबलेली नस सैल होते, नाडीच्या ठेक्यावर हलू लागते. हे बघायला मला अजूनही आवडतं.

तरीही आलेल्यांतल्या बहुतेकांना मी परत पाठवतो. सहा ते बारा आठवडे गोळ्या, चालणं, फिजिओथेरपी. बऱ्याच जणांचं दुखणं एवढ्यावर ओसरतं. गादीतून सुटून पडलेला मोठा तुकडाही शरीर पुष्कळदा आपणच जिरवून टाकतं. आणि टाका एकच पडला म्हणून गादी पुन्हा सरकणार नाही, अशी हमी कुणालाच देता येत नाही.

थांबायचं नाही ते एकाच वेळी. पाऊल उचलेनासं झालं, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायची जागा बधिर झाली, तर दुर्बीण की चिरफाड याचा घोळ घालत बसू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.