बाबांची फ्लॉपी

आमच्या घरी कुणी पहिल्यांदा आले की त्याला प्रश्न पडतो, हे घर आहे की भंगाराचे दुकान? दिवाणाखाली संत्र्याचे दोन खोके आहेत. एकात जुन्या वायरी, बंद पडलेले चार्जर आणि उंदरांनी कुरतडलेले माऊस. दुसऱ्यात संगणकातून काढून ठेवलेले सुटे भाग. काटोलात संत्र्याच्या खोक्यांना तोटा नाही आणि आमच्या घरात भंगाराला. घरच्या आयुष्मती झाडू मारताना रोज एकदा तरी म्हणतात, "अवो, हे फेकून काहून देत नाही तुम्ही?" आमचे उत्तर ठरलेले, "कामात येईल."

आम्ही काही इंजिनिअर नाही. जिनिंगमध्ये तीस वर्षे वायरमनचे काम केले. रेडिओ उघडून पाहण्याचा नाद शाळेपासूनचा. पुढे टेप आला, टीव्ही आला आणि २००४ साली ओळखीच्या एका गृहस्थाने टाकायला काढलेला संगणक आम्ही सायकलच्या कॅरिअरवर बांधून घरी आणला. तो चालू व्हायला आठ दिवस लागले. तेव्हापासून "हात लावू नको, बिघडेल" असे कुणी म्हटले की आमचा हात आपोआप पेचकसाकडे जातो.

इतक्या वर्षांत एक गोष्ट कळली. संगणकाचा बिघाड दिसायला मोठा असतो, पण कारण पुष्कळदा चिल्लर असते. परवाचीच गोष्ट सांगतो. आमच्या नातीला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. शेवटचा दिवस. संगणक चालू, इंटरनेट चालू, पण जिथे जावे तिथे "हे स्थळ सुरक्षित नाही" अशी ताकीद. पोरीच्या डोळ्यांत पाणी आले. आम्ही कोपऱ्यातले घड्याळ पाहिले. तारीख होती १ जानेवारी २०१०! प्रत्येक संकेतस्थळाजवळ ओळखपत्रासारखे एक प्रमाणपत्र असते आणि ते कधीपासून कधीपर्यंत चालेल हे त्यावर लिहिलेले असते. आमचा संगणक २०१० सालात जगत होता, म्हणून त्याला आजचे प्रत्येक प्रमाणपत्र खोटे वाटत होते. दोष कुणाचा? आत बसवलेल्या बटणाएवढ्या सेलचा. त्याला सीआर २०३२ म्हणतात. २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, म्हणून २०३२. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. चहा-नाश्त्याच्या पैशात नवा सेल आला, तारीख दुरुस्त केली आणि अर्ज भरला गेला.

शेजारच्या भाऊंचा संगणक सुरू करताच नुसता टीं-टीं ओरडायचा. कुणीतरी त्यांना पाच हजारांचा खर्च सांगितला होता. आम्ही प्लग काढला, आतली रॅमची पट्टी काढली, तिच्या सोनेरी कडेवर शाळेचे खोडरबर हळू फिरवले आणि पट्टी पुन्हा नीट दाबून बसवली. ओरडणे बंद. खर्च शून्य. वहिनींनी मात्र आम्हाला भाकर-ठेचा खाऊ घातल्याशिवाय सोडले नाही.

आमच्या स्वतःच्या संगणकावर विंडोज १० होते. त्याची कंपनीकडून होणारी सुरक्षेची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. नाव नोंदवणाऱ्यांना एक वर्षाची मुदतवाढ होती, पण पुढचे विंडोज ११ आमच्या जुन्या यंत्रावर चढत नाही, कारण त्याला नव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. यंत्र धडधाकट, पण कंपनीच्या हिशेबी म्हातारे. आम्ही त्यावर लिनक्स मिंट घातले. ते फुकट मिळते. यंत्र पुन्हा कामाला लागले.

पण खरे सांगायचे तर त्या तारखेजवळ आम्ही अडखळलो होतो. १४ ऑक्टोबर! आपल्या माणसाला ही तारीख दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. आम्हाला तर या तारखेबरोबर बाबा आठवतात आणि बाबांबरोबर दोन फ्लॉप्या.

१४ ऑक्टोबर १९५६ ला, रविवारी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, आमचे बाबा तेरा वर्षांचे होते. आजी, बाबा आणि त्यांची धाकटी बहीण म्हणजे आमची आत्या, तिघे काटोलहून रेल्वेने नागपूरला दीक्षेला गेले होते. बाबा शिकले चौथीपर्यंत. पण १९९८ साली त्यांनी मनावर घेतले आणि शाळेच्या वहीत आपल्या आठवणी लिहून काढल्या. पुस्तक छापण्याची ऐपत नव्हती. नागपूरच्या एका डीटीपीवाल्याने मजकूर टाइप करून दोन फ्लॉप्यांत भरून दिला आणि म्हणाला, "पैसे जमले की या." पैसे काही जमले नाहीत. २००३ साली बाबा गेले. पुढे एका पावसाळ्यात छत गळले आणि वहीचा लगदा झाला. उरल्या बिस्किटाच्या डब्यातल्या दोन फ्लॉप्या. तोवर फ्लॉपी वाचणारे यंत्र आमच्या संगणकातून केव्हाच गेले होते. डबा पाहिला की आम्ही म्हणायचो, बघू पुढे. अशी वीस वर्षे गेली.

नंतर एकदा सीताबर्डीला एका दुरुस्तीच्या दुकानात काउंटरखालच्या खोक्यात हात घातला आणि टिफिनच्या झाकणाएवढी चपटी वस्तू हाती लागली. यूएसबीची फ्लॉपी ड्राइव्ह! दुकानदार म्हणाला, "काका, याचं काय करता?" दीडशे रुपयांत सौदा झाला. घरी येताना कळमेश्वर केव्हा गेले ते कळले नाही.

तरुण वाचकांसाठी सांगतो. साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ एमबी मजकूर मावतो. आजच्या मोबाइलचा एक फोटोही बहुधा त्यात बसणार नाही. पण नुसती अक्षरे असली तर एक पुस्तक बसते. आत प्लॅस्टिकची पातळ चकती आणि तिच्यावर चुंबकीय लेप असतो. ओल लागली की त्या लेपावर बुरशी चढते. सोनीसारख्या मोठ्या कंपनीनेही २०११ साली फ्लॉपी विकणे थांबवले.

ड्राइव्ह नातीच्या लॅपटॉपला जोडली. आधी फ्लॉपीच्या कोपऱ्यातली छोटी पट्टी सरकवून भोक उघडे केले, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही लिहिले जाऊ नये. पहिली फ्लॉपी घातली. कुर्र कुर्र आवाज झाला आणि एक फाइल दिसली. ती आम्ही आधी लॅपटॉपवर उतरवून घेतली, मग उघडली. पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा भाजीपाला! नात म्हणाली, "आबाजी, हे तर बिघडलं."

बिघडले नव्हते. त्या काळी मराठी टाइप करायची रीतच वेगळी होती. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या घरात मराठीचे चित्र बसवलेले असे. 'डी'च्या घरात 'क'. 'भारत' लिहायचे तर यंत्राच्या लेखी ते 'एच, के, के, जे, आर'. तो फॉन्ट नसला की चित्र जाते आणि इंग्रजी अक्षरे उरतात. आम्ही कृतिदेव फॉन्ट घातला आणि पडद्यावर पहिली ओळ उमटली. तिच्यात आमच्या आजीचे नाव होते. घरात कुणी बोलले नाही.

पण तेवढ्यावर थांबून भागत नाही. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर पुन्हा भाजीपालाच. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना पक्के क्रमांक दिले जातात. 'क'चा क्रमांक २३२५. काटोलात २३२५, तसा कॅनडातही २३२५. रूपांतर करणारे प्रोग्राम फुकट मिळतात, पण चुका करतात. जुन्या रीतीत ऱ्हस्व वेलांटी आधी आणि अक्षर मागून, युनिकोडमध्ये अक्षर आधी आणि वेलांटी मागून. रफारही असाच जागा बदलतो. त्या उलटापालटीत शब्द मोडतात. दहा-बारा रात्री नात मोठ्याने वाची आणि आम्ही दुरुस्त करत जाऊ. आयुष्मती भाजी निवडत ऐकत बसत. मध्येच म्हणत, "मामंजी असेच बोलत होते."

पहिल्या फ्लॉपीत बाबांचे लहानपण होते, शाळेत वेगळे बसवणे होते आणि शेवटी ती रेल्वेची सकाळ होती. आजीने शेजारणीकडून पांढरे लुगडे उसने आणले होते. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. गाडी नागपूरला पोचते आणि पहिली फ्लॉपी संपते.

दुसरी घातली. पडद्यावर प्रश्न आला, डिस्क फॉरमॅट करायची का? नातीचे बोट 'हो'कडे गेले आणि आम्ही तिचा हात धरला. वाचकहो, हा प्रश्न कुठल्याही फ्लॉपीवर, पेन ड्राइव्हवर किंवा कार्डावर आला आणि आत आपला जुना ठेवा असेल, तर कधीही हो म्हणू नका. यंत्राला वाचता येत नाही म्हणून ते पाटी पुसायला निघालेले असते.

ही फ्लॉपी आम्ही आमच्या लिनक्सच्या संगणकावर नेली. तिथे डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम आहे. खराब जागा सोडून जेवढे वाचता येईल तेवढे तो उचलून घेतो आणि मग खराब जागांकडे पुन्हा पुन्हा वळतो. रात्रभर चालवला. सकाळी हाती आले ते इतकेच. पाच-सहा तुटके शब्द आणि एक अर्धी ओळ: "तेव्हा आईने माझा हात घट्ट धरला आणि". पुढे नुसत्या चौकटी. ज्या दिवसासाठी बाबांनी वही लिहायला घेतली, तोच दिवस बुरशीने खाल्ला होता. डबा वीस वर्षे आमच्याच घरी होता. तेव्हाच यंत्र शोधले असते तर? हा दोष आमचाच.

आयुष्मती म्हणाल्या, "यंत्राले काय विचारून राहिले? आत्याबाईले विचारा ना!"

आत्याबाई नरखेडकडे असतात. पंचाहत्तरी ओलांडली, पण आवाज खणखणीत. पुढच्याच रविवारी गेलो. पंखा बंद केला, कारण त्याची घरघर आवाजात येते. मोबाइल विमान मोडवर टाकला, म्हणजे मध्येच फोन येऊन ध्वनिमुद्रण तुटत नाही. घडी केलेल्या रुमालावर तो त्यांच्याजवळ ठेवला आणि विचारले, त्या दिवशी काय पाहिले?

"मी सात वर्साची होती. भाषण मले काय समजते बाप्पा? मले तर नुसते पाय दिसत होते. चहूकडं पायच पाय. मंग तुह्या बापानं मले खांद्यावर घेतलं. मायनं त्याचा हात असा घट्ट धरला, म्हने हे पोट्टे गर्दीत हरपतीन. अन् मंग दिसलं मले. पांढरं. जथं पाहा तथं पांढरं."

बोलताना त्यांनी आमचे मनगट धरून दाखवले. बाबांची अर्धी ओळ अशी पुरी झाली. तासाभराचे बोलणे आता आमच्याजवळ आहे. बाबांचे शब्द मात्र परत आले नाहीत, ते नाहीतच.

बाबासाहेबांचे लेखन व भाषणे यांचे खंड महाराष्ट्र शासनाने काढायला सुरुवात केली ती १९७९ साली, महापरिनिर्वाणानंतर तेवीस वर्षांनी. नागपूरचे वसंत मून यांनी त्यांच्या संपादनासाठी आयुष्य वेचले. त्यातले कितीतरी लेखन बाबासाहेबांच्या हयातीत छापलेच गेले नव्हते. कागद कुणीतरी जपले, म्हणून ते आपल्या हाती आले. त्याच मून यांनी १९९५ साली 'वस्ती' लिहून नागपूरच्या आपल्या वस्तीतले दिवस नोंदवून ठेवले. मोठ्यांचे कागद समाज जपतो. आपल्या आई-बापांचे कागद आपणच जपले पाहिजेत.

म्हणून अनुभवाने चार गोष्टी सांगतो. घरातल्या जुन्या फ्लॉप्या, सीडी, कॅसेटी आजच बाहेर काढा. एका वस्तूवर भरवसा ठेवू नका. पेन ड्राइव्हही वर्षानुवर्षे नुसता पडून राहिला तर त्यातले पुसले जाऊ शकते आणि सीडीचा थर उडतो. तीन प्रती करा. त्यातली एक दुसऱ्या गावी नातलगाकडे ठेवा, म्हणजे छत गळले तरी सारे जात नाही. दर चार-पाच वर्षांनी नव्या वस्तूवर उतरवून घ्या. लिहिलेले असेल तर कागदावरही छापून ठेवा. कागद वाचायला ड्राइव्ह लागत नाही. आणि सगळ्यात आधी, घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ मोबाइल ठेवून बसा. यंत्राचा सुटा भाग सीताबर्डीत सापडतो, माणसाचा सापडत नाही.

आमच्या बाबांच्या मजकुराची एक प्रत आता नातीकडे आहे, एक आत्याबाईंच्या घरी आणि एक छापील प्रत विहारात. ती फ्लॉपी ड्राइव्ह संत्र्याच्या खोक्यात गेली नाही. आयुष्मतींनी तिला कपाटात जागा दिली आहे, आपल्या लुगड्यांच्या शेजारी. वस्तीत कुणाकडे जुन्या फ्लॉप्या असतील तर त्यांनी घेऊन यावे. चहा आमच्याकडे. जयभीम.