मूठ

ताईने तिकीट काढले म्हणून मी अमेरिका पाहिली. आमच्या बँकेचा एलटीसी न्यू जर्सीपर्यंत पोचत नाही.

भाचा नोकरी सांभाळून तिथल्या शाळांच्या फुटबॉल सामन्यांत अंपायर असतो. तिकडचा फुटबॉल मुख्यतः हातानेच खेळतात. पायाला संधी मिळते, पण आमच्याकडे प्रमोशन मिळते तशी, क्वचित. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही सारे सामन्याला गेलो. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून भाचा थेट पोरांच्या घोळक्यात उभा. खेळ सुरू होणार, तोच त्याने मूठ वर केली. समोरून रेफ्रीनेही मूठ दाखवली. मी पडलो जुना युनियनवाला. माझ्या तोंडून "झिंदाबाद!" निघून गेले. पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून पाहिले. ताईने दंडाला चिमटा काढला.

रात्री पोहे खाताना भाच्याने उलगडा केला. मधला गडी दोन पायांमधून चेंडू मागे देतो, तो स्नॅप. त्याच्या आधी जी काही सेकंदे मिळतात, तेवढ्यात पंचांनी डोकी मोजायची. हा आणि रेफ्री चढाईवाल्यांची मोजतात, आपापली, स्वतंत्र. अकरा भरली की मूठ. कडेचा पंच हात मागे पसरून धरतो, म्हणजे त्याच्या बाजूचा शेवटचा गडी रेषेवर नाही, मागे आहे. दहा यार्ड जायला चार प्रयत्न. कितवा चालू आहे हे विसरू नये म्हणून मनगटाच्या पट्ट्याला रबराचा फास. पहिल्याला तो तर्जनीत, चौथ्याला करंगळीत. रबर बघून मला अगदी कॅश काउंटरवर बसल्यासारखे वाटले.

"पण रेफ्रीने मोजलेच आहेत, तर तू कशाला मोजतोस?" मी विचारले.

"मामा, त्याची मूठ बघून मी मूठ केली, तर मोजलं एकानेच ना! आणि बाहेरून कुणाला कळणार पण नाही. तुमच्या बँकेतही दोघं मोजतात ना?"

"मोजतात तर!" म्हणालो आणि ताईकडे चहा मागितला. मला नको होता.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या वयस्क कॅशियरांनी पाचशेच्या नोटांचे पाकीट पुढे केले. शनिवार, मला लोकल गाठायची. त्यांची सही दिसली, खाली मी माझी ठोकली. सोमवारी पाकिटात नव्याण्णव निघाल्या. पाचशे रुपये त्यांनी खिशातून भरले. "तू मोजलं होतंस ना रे?" एवढेच विचारले. मी 'हो' म्हणालो. "मग माझंच चुकलं असेल," म्हणाले, आणि माझ्याही चहाचे पैसे त्यांनीच दिले. पुढे ते रिटायर झाले. निरोपसमारंभात विनोदी भाषण मीच केले. फार हशा पिकला.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा सामना. भाच्याची मूठ वर जायच्या आत मी बोटाने मोजत होतो. दहा भरले. परत मोजले. अकरावा लांब कडेला एकटाच उभा होता.

"काय पुटपुटतोयस?" ताईने विचारले.

"काही नाही," म्हटले, "जुनी कॅश टॅली करतोय."