पसरणीच्या घाटातील एक अनुमान

पुण्याहून महाबळेश्वरास जाणारा रस्ता बहुतेक वाचकांच्या परिचयाचा असेल. कात्रज मागे टाकावयाचा, शिरवळच्या अलीकडे नीरा ओलांडावयाची, खंबाटकीचा घाट चढून सुरूरच्या फाट्यावर हमरस्ता सोडावयाचा, वाईस कृष्णामाईचे दर्शन घ्यावयाचे, आणि मग पसरणीच्या घाटाने पाचगणीच्या पठारावर जाऊन पोहोचावयाचे. या मार्गाने मी अनेक वेळा गेलो आहे. परंतु गेल्या भाद्रपदात येथेच जो धडा मिळाला तो विसरता येण्यासारखा नाही, म्हणून लिहावयास बसलो.

आमचे ज्येष्ठ बंधू, ज्यांना आम्ही सर्व दादा म्हणतो, यांना अठ्ठ्याहत्तरावे वर्ष लागले. कृष्णेच्या उगमाचे तीर्थ एकदा पुन्हा घ्यावे अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. दादा, वहिनी व मी असे तिघे निघालो. गाडी चालविण्यास दादांची धाकटी सून होती. गाडी घरातलीच, वीस वर्षांपूर्वी घेतलेली व मुदत संपल्यावर पुन्हा नोंदविलेली.

या गाडीस काही महिन्यांपासून एक विचित्र खोड जडली होती. एरवी ती उत्तम चाले. परंतु मध्येच केव्हातरी ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी वेग घेत नसे. त्याच वेळी समोरील तबकड्यांपैकी पाण्याची उष्णता दाखविणारा काटा वर चढे. पुण्यातील एका गॅरेजात ती दोनदा नेली. पहिल्या खेपेस त्यांनी थर्मोस्टॅट बदलला, दुसऱ्या खेपेस पेट्रोलचा फिल्टर. दोन्ही वेळा गाडी त्यांच्यासमोर निर्दोष चालली आणि "चालविणाऱ्याची सवय तपासा" असा अभिप्राय मिळाला. तो अभिप्राय घरात कोणी विसरले नाही. सूनबाई मात्र काही बोलली नाही.

खंबाटकीच्या पायथ्याशी पावसाची मोठी सर आली. सूनबाईने दिवे लावले, काचेवरील वायपर सुरू केले, काचा धुरकट होऊ लागल्या म्हणून आतला पंखाही लावला. दुसऱ्याच वळणावर गाडी जड झाली. उष्णतेचा काटा तांबड्या रेघेकडे सरकला. पेट्रोलचा काटा, जो शिरवळास निम्म्यावर होता, तो पावावर उतरला. मागून मालट्रकचा भोंगा वाजू लागला. सूनबाईने इशाऱ्याचे दिवे लावून गाडी डाव्या कडेस घेतली व इंजिन बंद केले.

"अगं, घाटात असा पाय काढतात का?" दादा रागावून म्हणाले, "झेपत नसेल तर चालवू नये माणसाने!"

"बाबा, पाय पूर्ण दाबलेला आहे. गाडीच घेत नाही," ती हळूच म्हणाली.

मी गप्प बसलो. खरे सांगावयाचे तर मनातून मीही दादांच्याच बाजूचा होतो. अर्ध्या तासाने पाऊस थांबला, ऊन पडले, दिवे मालवले गेले आणि गाडी निमूटपणे घाट चढून गेली. "बघ, आता कशी नीट चालवतेस!" असे दादा म्हणाले. आरशात मला तिचा चेहरा दिसला. तो पाहून मात्र मला स्वस्थ बसवेना.

वाईस पोहोचल्यावर दादा व वहिनी ढोल्या गणपतीच्या दर्शनास गेले. हे मंदिर रास्ते घराण्यातील गणपतराव भिकाजी यांनी 1762 साली बांधविले. मूर्ती एकाच प्रचंड पाषाणाची आहे. मंदिराची मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती बांधली आहे, ती अशासाठी की कृष्णेचा पूर आला तर पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावे. बांधणाऱ्याने पाण्याची गती आधी ओळखली आणि मग दगड रचला. त्या भिंतीकडे पाहता पाहता मनात आले की आम्ही गाडीच्या बाबतीत याच्या उलट केले. रोग न ओळखता भाग बदलीत सुटलो.

वाई हे तर्कशास्त्राचे गाव. येथील प्राज्ञपाठशाळेत लक्ष्मणशास्त्री जोशी शिकले; त्यांना कलकत्त्याची तर्कतीर्थ ही पदवी मिळाली आणि पुढे त्यांनी याच गावी मराठी विश्वकोशाचे काम उभे केले. अशा गावी उभे राहून तरी नैयायिकांचे बोट धरावे असे वाटले. धूर पाहून पर्वतावर अग्नी आहे असे अनुमान काढावयाचे, हे त्यांचे जुने उदाहरण. परंतु त्यासाठी जे दिसते तो धूर आहे, धुके नव्हे, हे आधी ठरवावे लागते. तसेच जेथे एक असते तेथे दुसरे असते, आणि जेथे एक नसते तेथे दुसरेही नसते, असे दोन्ही बाजूंनी पडताळावे लागते. यास ते अन्वय व व्यतिरेक म्हणतात.

मी सूनबाईस म्हटले, "मुली, गाडी जागेवरच उभी ठेवून इंजिन चालू कर, आणि मी सांगेन तेव्हा दिवे लाव."

दिवे, वायपर व पंखा तिन्ही लावताच उष्णतेचा काटा वर गेला आणि पेट्रोलचा खाली आला. तिन्ही बंद करताच दोन्ही काटे आपल्या जागी परतले. पाच वेळा लावले, पाच वेळा बंद केले. पाचही वेळा तेच. आता रेडिएटरातील पाणी काही क्षणार्धात तापत नाही आणि क्षणार्धात निवतही नाही. टाकीतील पेट्रोल दिवा मालवल्याने वाढत नाही. म्हणजे काटे दाखवीत होते ते धुके होते, धूर नव्हता. शिवाय दोन वेगळ्या गोष्टी मोजणारे दोन काटे एकाच क्षणी चुकतात, तेव्हा दोष एकेकट्या काट्यात नसून दोघेही ज्यावर उभे आहेत त्या आधारात असला पाहिजे.

येथे एक सावधगिरीची सूचना दिलीच पाहिजे. उष्णतेचा काटा चढला तर तो खोटा असेल असे समजून पुढे जाऊ नये. आधी तो खरा मानून थांबावे, इंजिन बंद करावे, आणि ते पुरते निवेपर्यंत रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नये. आतील वाफेने हात व तोंड भाजते. सूनबाईने घाटात केले तेच योग्य होते.

बाजारालगतच्या एका मिस्त्रीस आमचा प्रयोग करून दाखविला. तो हसून म्हणाला, "गुरुजी, पाणी नाय तापलेलं. अर्थिंग गेलंय गाडीचं."

त्याने जे समजाविले ते असे. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली वीज दिवे, पंखा, पेट्रोलचा पंप यांतून जाते आणि गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून ऋण टोकाकडे परत येते. सांगाडा व ऋण टोक यांना जोडणारी एक जाड तार असते. ती सैल झाली किंवा तिच्या बोल्टाखाली गंज चढला, तर परतीची वाट अरुंद होते. थोडी वीज असेल तर निभावते. दिवे, वायपर, पंखा एकदम लागले की वाटेत कोंडी होते. मग पेट्रोलच्या पंपास पुरेसा जोर मिळत नाही व चढावर इंजिनाची उपासमार होते. काट्यांची मापेही त्याच सांगाड्याच्या आधारे चालतात, म्हणून तीही चळतात. पुण्याच्या गॅरेजात भर दुपारी, कोरड्या हवेत, दिवे न लावता गाडी पाहिली गेली. तेथे रोग दिसणार कसा?

त्याने मीटर आणले. एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीस व दुसरे सांगाड्याच्या उघड्या धातूस लावले. सर्व दिवे चालू असताना तेथे शून्याच्या आसपास आकडा यावयास हवा. आमचा दीड व्होल्ट आला. बोल्ट काढला तर खाली गंज आणि पूर्वी केव्हातरी केलेल्या रंगकामाचा थर. पॉलिश पेपरने दोन्ही पृष्ठे घासून चकचकीत केली, बोल्ट घट्ट आवळला, पुन्हा मीटर लावले. काटा जवळजवळ शून्यावर. मजुरीचे त्याने दोनशे रुपये घेतले आणि दादांकडे वळून म्हणाला, "ताई चांगली चालवत्यात हो. नाहीतर घाटात गाडी अशी कडेला घ्यायला नाय जमत कुणाला."

दादा काही बोलले नाहीत.

पसरणी हे शाहीर साबळे यांचे जन्मगाव. ते मागे पडले की घाट सुरू होतो, आणि वळणावळणावर खाली धोम धरणाचे पाणी व वाईचे हिरवे खोरे अधिकाधिक खोल जाऊ लागते. अर्ध्या घाटात ढग रस्त्यावर उतरले. सूनबाईने दिवे लावले, वायपर लावले, पंखा लावला. आम्ही तिघेही श्वास रोखून तबकड्यांकडे पाहत होतो; ती एकटी रस्त्याकडे पाहत होती. काटे आपल्या जागेवरून हलले नाहीत. गाडी एका लयीत चढत राहिली व पाचगणीच्या पठारावर, सुमारे 4,200 फुटांवर, येऊन उभी राहिली.

संध्याकाळी क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या मंदिरात पोहोचलो. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री यांचे प्रवाह येथे गोमुखातून एकत्र बाहेर पडतात. त्यांतील कृष्णा पूर्वेस सुमारे 1,400 किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते आणि सावित्री पश्चिमेस कोकणात उतरते. दादांनी ओंजळ भरली. पण स्वतः तीर्थ घेण्यापूर्वी त्यांनी सूनबाईस हात पुढे करावयास सांगितले व पहिले पाणी तिच्या तळहातावर घातले.

"मुली, घाटात मी बोललो ते चुकलो," ते म्हणाले.

"असू द्या, बाबा," ती म्हणाली. आणि वहिनींनी डोळ्यांस पदर लावला.

तीस वर्षे मी मुलांना अनुमान शिकविले. परंतु घरातील एका मुलीविषयी मात्र कोणताही पडताळा न घेता मनात निकाल देऊन मोकळा झालो होतो. माझे मौन दादांच्या शब्दांइतकेच सदोष होते, हे मी परतीच्या वाटेवर तिला सांगितले. घरोघरी पुष्कळ माणसे असतात व पुष्कळ तक्रारीही असतात. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी बिघाड दिसू लागला, तर समोर सापडेल त्या माणसास दोष देण्यापूर्वी सर्वांना जोडणारी तार कोठे सैल झाली आहे ते एकदा पाहावे. बहुधा ती झाकलेल्या जागी असते, आणि घासून घट्ट करावयास फारसे काही लागत नाही.