आधी विचारपूस, मग नोंद

भंडारा-नागपूर महामार्गावरच्या आमच्या शहापुरात मी अंगणवाडी सेविका म्हणून लागले, तेव्हाही कागद काही कमी नव्हते. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात सुरू झाली, ती रजिस्टरं काखोटीला मारूनच. हजेरीचं वेगळं, आहाराचं वेगळं, लसीकरणाचं, गृहभेटींचं वेगळं. त्यामुळे ‘तेव्हा नुसती माणुसकी होती’ असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. फरक एवढाच, की तेव्हा काम दिवसा व्हायचं आणि कागद संध्याकाळी.

वजनाचा दिवस आठवतो. आढ्याला साल्टर काटा टांगलेला, झोळीत पोर भोकाड पसरून रडतंय, काट्याची सुई काही ठरत नाही. ती ठरेपर्यंत आईशी बोलणं चालायचं. घरात कोण आजारी आहे, सासू अंडं खाऊ देते का, दूध का आटलं? वजन वाढीच्या तक्त्यावर एका ठिपक्यात मावायचं. ते का घटलं, हे मात्र त्या गप्पांतच कळायचं.

रोवण्याच्या दिवसांत बाया अंगणवाडीकडे फिरकत नसत. ‘बाई, रोवणा चालू आहे जी, सांजच्याला येतो,’ असा निरोप यायचा. मग आम्हीच बांधीच्या धुऱ्यावर जायचो. चिखलाच्या हाताची बाई तिथेच दोन घटका टेकायची. सही-अंगठा सवडीने व्हायचा.

मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे नोंदींचं ॲप आलं. सुरुवातीला ॲप इंग्रजीत, मोबाइल सतत अडकणारे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते मोबाइल सरकारला परत केले. जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा पडताळणीही सक्तीची झाली. पडताळणीचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो आणि तो मोबाइल बहुतेकदा नवऱ्याच्या खिशात, नवरा नागपूरला कामावर. ‘जरा वर पाहा, हलू नका, पदर मागे घ्या,’ असं आमची आताची सेविका म्हणत असते तेव्हा समोरची बाई अवघडून बसते. अशा वेळी घरचं दुखणं कोण सांगेल?

तरी जुन्याचे गोडवे गाऊन भागत नाही. चौथ्या श्रेणीतलं मूल तिसरीत लिहिलं की वरून विचारणा टळायची. रजिस्टरात ती सोय होती. कुटुंब कामासाठी परगावी गेलं की पोराची नोंद तिथेच थांबायची. आता ती दुसऱ्या अंगणवाडीकडे पाठवता येते. आहाराची पाकिटं नेमकी कुणाला गेली, तेही दिसतं. हिशेब चोख झाला, हे मान्यच करायला हवं.

पण सेविकेचं काम हिशेबाने चालत नाही, ओळखीने चालतं. ज्या बाईने सासूच्या चोरून दोन गोष्टी सांगितल्या, तिच्याच पोराला वेळेत दवाखान्यात नेता येतं. त्या गोष्टी ऐकायला जी सवड लागते, ती पूर्वी संध्याकाळच्या कागदाने आम्हाला दिली होती. ॲपलाही ती देता येईल: नेटवर्क नसलं तरी आहार आधी द्यावा, चेहरा नंतर टिपावा. आणि आढावा बैठकीत ‘किती टक्के भरलं?’ या प्रश्नाआधी ‘त्या घरी काय चाललंय?’ असं एकदा विचारलं जावं. उत्तर देता येईल अशा सेविका गावोगाव अजून आहेत.