वीतभर अंतरावरचा आवाज

कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके कान उघडे ठेवून हिंडणाऱ्याला जितके देतात, तितकेच ध्वनिमुद्रण करणाऱ्याला छळतात. मुंबई-पुणे लोहमार्ग इथूनच घाट चढू लागतो. ३७ फुटांमागे एक फूट असा तो चढ असल्यामुळे कर्जतला गाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात आणि त्यांची घरघर दऱ्यांतून बराच वेळ घुमत राहते. खालापूरच्या बाजूला द्रुतगती मार्ग रात्रीही गप्प बसत नाही. खोपोलीचे वीजगृह १९१५ सालचे, भिवपुरीचे १९२२ सालचे. उच्च दाबाच्या तारा पावसाळी हवेत तडतडत असतात. त्यात ओढे, बेडूक, रातकिडे आणि पत्र्यावर पडणारा पाऊस. या सगळ्यातून सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा खोल गेलेला आवाज वेगळा उचलायचा, हे आमचे काम.

आम्ही म्हणजे तिघे स्नेही. काही वर्षांपासून सुट्टीच्या दिवशी ठाकर आणि कातकरी वाड्यांवर जाऊन तेथील वडीलधाऱ्यांची गाणी, कहाण्या, रानाची आणि शेतीची माहिती त्यांच्याच तोंडून नोंदवून ठेवतो. मागे कोणतीही संस्था नाही, अनुदान नाही. हे कळल्यावर भेटणारा दर दुसरा माणूस विचारतो, “बिनतारी माईक कोणता घ्यावा?” या प्रश्नाला एखाद्या कंपनीचे नाव सांगून मोकळे होता येते, पण तसे केल्यास मूळ प्रश्न तसाच राहतो. माईक निवडताना आपण कोणाच्या किती जवळ जाणार हे ठरवत असतो, आणि तो निर्णय दुकानात घेता येत नाही.

वास्तविक हा परिसर अभ्यासकांना अपरिचित नाही. ल. ना. चापेकरांचा सह्याद्रीतील ठाकरांवरचा इंग्रजी ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. घाटावर गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह केला, त्याची संख्या एक लाखाच्या वर गेली आणि २०१७ पासून तो ‘परी’च्या संकेतस्थळावर क्रमाने प्रसिद्ध होत आहे. ओवी कागदावर वाचताना तिचा अर्थ हाती येतो. पण ती म्हणणारीने श्वास कुठे घेतला, कोणत्या शब्दावर तिचा गळा दाटला, हे कागद सांगत नाही. त्यासाठी आवाजच हवा, आणि तो जवळून हवा.

जवळून म्हणजे किती? मोकळ्या जागेत माईक आणि तोंड यांतले अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी ६ डेसिबलने उतरते. छातीवर लावलेला कॉलर माईक तोंडापासून साधारण एक वीत, म्हणजे नऊ इंच दूर असतो. समोर सहा फुटांवर ठेवलेला माईक आठ विती दूर. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ: तीनदा दुप्पट, म्हणजे १८ डेसिबलची घट. भोवतालची घरघर मात्र दोन्ही ठिकाणी तेवढीच. पुढे संगणकावर कितीही कसरती केल्या तरी या १८ डेसिबलची भरपाई पूर्णपणे होत नाही. म्हणून पहिला नियम असा, की महागड्या माईकपेक्षा जवळचा माईक बरा.

जवळच्या माईकला तार असली तर उत्तमच. तार स्वस्त, टिकाऊ आणि बिनतक्रार असते. ओट्यावर बसून बोलणाऱ्या माणसासाठी आम्ही आजही तारेचाच माईक वापरतो. परंतु आमची बहुतेक माणसे बसून बोलत नाहीत. आजोबा रानभाज्या ओळखून देतात ते चालता चालता. आजी आवणीचे गाणे म्हणते ती गुडघाभर चिखलात वाकून. “इथं बसा आणि म्हणा” असे सांगितले, की गाणे अर्धे विसरले जाते, कारण ते हातांच्या हालचालीबरोबर आठवणारे असते. अशा वेळी तार कापण्यावाचून गत्यंतर नसते.

तार कापली की तिच्या जागी रेडिओलहरी येतात आणि खरी गुंतागुंत सुरू होते. सध्या हौशी मंडळींसाठी मिळणारे बहुतेक संच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. या पट्ट्याला आपल्याकडे परवाना लागत नाही. त्यामुळे वायफाय, ब्लूटूथ आणि शेजाऱ्याचा संच हे सगळे तिथेच दाटीवाटीने नांदतात. कर्जत स्थानकाबाहेर गर्दीच्या वेळी तो अडखळला तर नवल नाही. पण निर्मनुष्य शेतात तो का अडखळावा? याचे कारण पाणी. या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीच्या जरा वर. माणसाचे पाण्याने भरलेले शरीर तिला अडवते, भिजलेला पालाही अडवतो. शहरी खोलीत ती भिंतीवरून उसळून का होईना पोहोचते. मोकळ्या शेतात उसळायला भिंतच नसते. बोलणाऱ्याने पाठ फिरवली, की आवाज तुटतो. मुंबईतल्या एका दुकानात आम्हाला खोक्यावरचा दोनशे मीटरचा आकडा मोठ्या अभिमानाने दाखवण्यात आला होता. असा आकडा मोकळ्या मैदानात समोरासमोर उभे राहून मोजलेला असतो. भाताच्या खाचरात त्याचा पाव भाग हाती लागला तरी समाधान मानावे. प्रक्षेपक आपल्याकडे असलेल्या बाजूला लावावा, ग्राहक-यंत्र खिशात न ठेवता काठीवर उंच धरावे, आणि शक्य तो बोलणाऱ्याच्या पुढे राहावे. एवढ्याने निम्मी दुखणी बरी होतात.

दुसरा पर्याय यूएचएफ पट्ट्यातील संचांचा. सहाशे मेगाहर्ट्झची लहर जवळजवळ हातभर लांब असते आणि शरीराला वळसा घालून जाणे तिला अधिक जमते. व्यावसायिक मंडळी हेच संच पसंत करतात. मात्र यासाठी परवान्याचा प्रश्न सोडवावा लागतो, आणि जुने संच घेताना त्यावरची वारंवारता वाचावी लागते. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावात ५जी सेवेसाठी विकला गेला आहे; तेव्हा त्यात बसणारा जुना संच कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. अनेक माईक एकत्र वापरताना आणखी एक गोष्ट पाळावी लागते. दोन प्रक्षेपक ६००.० आणि ६००.४ मेगाहर्ट्झवर असतील, तर त्यांच्या मिश्रणातून ५९९.६ आणि ६००.८ वर भुताटकीचे संकेत उमटतात. तिसरा माईक नीटनेटकेपणाच्या हौसेने ६००.८ वर लावला, की तो नेमका त्या भुताच्या मानगुटीवर बसतो. समान अंतरे डोळ्यांना बरी दिसली तरी इथे ती टाळायची असतात.

तथापि, कोणताही पट्टा घेतला तरी बिनतारी दुवा कधी ना कधी तुटणारच, हे गृहीत धरावे. चित्रपटवाल्यांचे तसे नसते. खालापूर तालुक्यात चौकजवळ नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली उभारलेल्या एन. डी. स्टुडिओत मोठमोठे महाल उभे राहिले. तशा ठिकाणी एखादे वाक्य खराब झाले, तर नट ते पुन्हा म्हणतो किंवा पुढे ध्वनिमुद्रणगृहात म्हणतो. हिंदी चित्रपटांत अनेक वर्षे तीच रीत रूढ होती आणि ‘लगान’चे (२००१) संवाद चित्रीकरणस्थळीच मुद्रित केले याची म्हणूनच एवढी चर्चा झाली. आमच्या आजीला पुन्हा म्हणायला सांगता येत नाही. सांगितले तर ती म्हणते, पण ते दुसरेच गाणे असते. म्हणून अलीकडच्या वर्षांत आलेली एक सोय आम्हाला सर्वांत मोलाची वाटते: प्रक्षेपकातच मुद्रण होण्याची. दुवा तुटला तरी अंगावरच्या डबीत आवाज अखंड साठत राहतो. काही संचांत हे मुद्रण ३२-बिट फ्लोट पद्धतीने होते, त्यामुळे पातळी चुकल्याने आवाज फाटण्याची भीती बरीच कमी होते. ४८ किलोहर्ट्झला एका माईकचे तासाभराचे असे मुद्रण सुमारे ७०० मेगाबाइट जागा घेते. आजच्या मानाने हे काहीच नाही. अर्थात माईकवर घासणारा पदर किंवा त्यात शिरणारा वारा या पद्धतीने दुरुस्त होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

पदराचा उल्लेख आला म्हणून सांगतो. पुस्तकांत कॉलर माईक कोटाला किंवा शर्टाच्या पट्टीला लावायला सांगतात. आमच्याकडे कोट नाही आणि पुष्कळदा शर्टही नसतो. ठाकर बायकांच्या गळ्यात मण्यांच्या माळांचे झुबके असतात आणि प्रत्येक श्वासाबरोबर ते माईकवर टिकटिकतात. माळा काढून ठेवायला सांगणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही. माईक माळांच्या वर, खांद्याजवळ पदराच्या दुमडीवर, कागदी चिकटपट्टीने पक्का करावा. तारेचा छोटा वेढा शेजारीच चिकटवावा म्हणजे ओढ माईकपर्यंत पोहोचत नाही. उघड्या अंगाच्या आजोबांना पंचाचे टोक पुरते. बायकांना माईक लावण्याचे काम आमच्यातली मैत्रीणच करते, आणि ती सोबत नसेल त्या दिवशी तो लावला जात नाही.

कॉलर माईक लावूच नये असेही प्रसंग आहेत. आवणीची गाणी एकीने उचलायची आणि बाकीच्यांनी झेलायची असतात. त्यातल्या एकीच्या छातीवर माईक लावला, की ती गायिका होते आणि उरलेल्या साथीदार. असे मुद्रण कितीही स्वच्छ असले तरी ते खोटे ठरते. तिथे दोन माईक एका काठीवर बांधून बांधावर उभे राहावे, आणि चिखलाची पचपच, हसणे, मध्येच मुलाला मारलेली हाक यांसकट सगळे येऊ द्यावे. जागेचा आवाज हा नेहमीच उपद्रव नसतो. एका आजोबांनी विजेच्या मनोऱ्याखाली उभे राहून आम्हाला बेचाळीसच्या आझाद दस्त्याची हकिकत सांगितली. भाई कोतवालांच्या माणसांनी असेच मनोरे पाडले होते. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले. आजोबांनी हे सगळे वडिलांकडून ऐकलेले. मुद्रणात त्यांच्या शब्दांमागे वरच्या तारा सारख्या तडतडत आहेत. ती तडतड पुसण्याची साधने संगणकावर आहेत. आम्ही ती वापरली नाहीत.

आता ज्याची चर्चा कमी होते त्या मुद्द्याकडे येतो. तारेचा माईक समोर असतो, बोलणाऱ्याला दिसत असतो. बिनतारी माईक पाऊण तासात विसरला जातो. खरेदीच्या सल्ल्यांत हा गुण म्हणून सांगतात, आणि तो आहेही. बोलणे सैल होते, आठवणी मोकळ्या होतात. पण मग माणूस घरात जातो, सुनेशी बोलतो, जमिनीच्या भांडणाविषयी भावाशी कुजबुजतो, वनखात्याच्या कोणा माणसाला शिव्या घालतो, आणि पन्नास पावलांवर उभे असलेले आपण हेडफोनमधून ते सगळे ऐकत असतो. प्रक्षेपकातच मुद्रण होऊ लागल्यापासून तर आपण हेडफोन काढला तरी ते साठतच राहते. जे यंत्र गाणे वाचवते तेच हेही करते.

यावर तांत्रिक उपाय एकच आहे, आणि तो जुनाच आहे: बटण. माईक लावताना तो बंद कसा करायचा हे आम्ही प्रथम शिकवतो आणि दोनदा करून घेतो. यासाठी बटण बोटाला लागेल एवढे मोठे आणि बंद-चालू दाखवणारा दिवा दिसेल असा हवा. खरेदीच्या वेळी आम्ही हे आवाजाच्या दर्जाइतकेच बारकाईने पाहतो. एका आजीने गाण्यांच्या मध्येच आमच्या मैत्रिणीला थांबवले. “आता याचं तोंड बंद करते, बाय,” असे म्हणून तिने स्वतः बटण दाबले आणि पुढचे गाणे नुसते म्हणून दाखवले. ते फक्त बायकांत म्हणायचे गाणे होते. आम्हा दोघांना दूर जायला सांगितले होते, आणि मैत्रिणीनेही त्याचा शब्द पुढे कधी उच्चारला नाही. आमच्या संग्रहात त्या जागी काही नाही.

मन याला सहज तयार होते असे मात्र समजू नये. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. चार दिवसांनी शोधकार्य थांबवले तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. ती ठाकरांची वाडी होती. त्यानंतर कोणत्याही डोंगरउतारावरच्या वाडीत गेलो, की आधी सगळे मुद्रित करून घ्यावे, परवानगीचे मागाहून पाहू, असे वाटल्यावाचून राहत नाही. ही घाई समजण्यासारखी आहे आणि तरीही तिला आवर घालावा लागतो. उद्या वाडी राहील की नाही याची धास्ती तिथे राहणाऱ्यांना आमच्यापेक्षा जास्त आहे; काय मागे ठेवायचे आणि काय बरोबर न्यायचे हे ठरवण्याचा अधिकारही त्यांचाच आहे.

तेव्हा कोणी माईक घ्यायला निघालाच असेल तर आमचा क्रम असा. पहिले पैसे कान झाकणाऱ्या चांगल्या हेडफोनवर खर्च करावेत, कारण घासणारा पदर डोळ्यांना दिसत नाही. नंतर तारेचा एक साधा कॉलर माईक. त्याने भागत नाही असे काम खरोखर समोर आले, तरच बिनतारी संच. त्यात अंगावर मुद्रण होण्याची सोय, बदलता येणारा बाहेरचा माईक, केसाळ वारारोधक टोपी आणि मोठे बटण. खोक्यावरच्या मीटरांकडे दुर्लक्ष करावे. आणि उरलेल्या पैशांत मोबाइलमध्ये बसणारी दहा-बारा मेमरी कार्डे घ्यावीत, कारण प्रत्येक मुद्रणाची एक प्रत ज्याची त्याच्या घरी द्यायची असते. आम्ही दिलेली कार्डे काही घरांत संध्याकाळी चुलीपाशी वाजतात. कुठे नातवाने आजीचा आवाज पुसून लग्नाची गाणी भरली आहेत. त्याबद्दल आम्ही तक्रार करत नाही. कार्ड त्याचे आहे.