कणकेची बाहुली आणि येणारे राक्षस



आमच्याकडे रात्रिभोजन नाही, त्यामुळे साडेपाचलाच मी कणीक मळायला घेते. मागच्या रविवारी लेक पुण्याहून भोरला आला होता. पोळपाटाशी बसून मोबाईलवर येणाऱ्या सिनेमांच्या बातम्या मला वाचून दाखवत होता. हे वेड त्याला माझ्याकडूनच आलंय. माहेरी मी नारायण धारपांच्या भयकथा लायब्ररीतून आणून पांघरुणात लपून वाचायची!

बोलता बोलता त्याने कणकेचा गोळा उचलला, हातपाय काढून बाहुली केली आणि माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, "आई, तुंबाडचा दुसरा भाग येतोय!"

सासूबाई जप करत बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "आधी मोड ते. आपल्यात पिठाचा जीव करत नाहीत."

"आजी, पीठच आहे ना ते?"

"यशोधर राजाही असंच म्हणाला होता."

तुमच्यापैकी बहुतेकींनी ही कथा प्रवचनात ऐकली असेल. सोमदेवसूरींनी ९५९ साली 'यशस्तिलका'त ती विस्ताराने सांगितली. राजाला वाईट स्वप्न पडलं. आई चंद्रमतीने देवीला बळी द्यायला सांगितलं. तो जीव मारायला तयार होईना, म्हणून मायलेकांनी तोडगा काढला. पिठाचा कोंबडा केला आणि तो कापला. रक्ताचा थेंब सांडला नाही, पण मनात मारण्याचा संकल्प होताच. त्यासाठी दोघांना कितीतरी जन्म पशुयोनीत भोगावे लागले.

लेक गप्प झाला आणि मी विचारात पडले. कारण तुंबाडमध्येही पिठाचीच बाहुली आहे.

राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' १२ ऑक्टोबर २०१८ ला आला, तेव्हा फारसा चालला नाही. १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त चालला. त्याच वेळी दुसऱ्या भागाची घोषणा झाली. मला तो दिवस नीट आठवतो, कारण दशलक्षण चालू होतं. सुगंध दशमी होती आणि उत्तम संयमाचा दिवस. मैत्रिणीचा फोन आला, "तिकीट काढू का?" नाही म्हणताना मला किती जड गेलं ते माझं मलाच माहीत! पर्व संपल्यावर गेले.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हस्तर हा सोन्याचा आणि धान्याचा लोभी देवपुत्र. सोनं त्याला मिळालं, धान्य मात्र कधीच मिळालं नाही, म्हणून तो कायमचा भुकेला आहे. विनायक कणकेची बाहुली घेऊन खाली उतरतो. हस्तर ती खात असतो तेवढ्यात त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओढून घेतो. पुढे मुलगा सुचवतो की एका बाहुलीऐवजी पुष्कळ नेऊ आणि सगळी थैलीच आणू. त्या हावेपायी बाहुल्या जितक्या, तितके हस्तर उभे राहतात.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी हस्तरला घाबरले होते. दुसऱ्यांदा पाहताना विनायकाची भीती वाटली. त्याचं कारण घरातलंच आहे, ते सांगते.

वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, आमची थोडी जमीन आहे. बांधावर उभं राहिलं की समोर तोरणा दिसतो. सासऱ्यांनी परिग्रह-परिमाण व्रत घेतलं होतं. त्यांच्या वहीत लिहिलंय: एक घर, एक दुकान, दीड एकर जमीन. त्या वर्षी शेजारचे वीस गुंठे विकायला निघाले. पुण्याच्या लोकांमुळे तिकडचे भाव कसे चढलेत ते तुम्हाला ठाऊकच आहे. हे म्हणत होते की बाबांचं व्रत होतं, राहू दे. आग्रह माझा होता. व्रत त्यांचं होतं, आपलं कुठे, असं मीच म्हणत होते. रात्री पडल्या पडल्या गुंठ्यांचे भाव मोजत होते.

सिनेमाहून परतल्यावर कधीतरी बांधावर गेले असताना तोरण्याकडे लक्ष गेलं. शिवाजी महाराजांना त्या गडावर दुरुस्तीच्या वेळी धन सापडलं, ते त्यांनी राजगडाच्या बांधकामाला लावलं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. धन तिथेही जमिनीतूनच निघालं होतं. पण तिथे ते कामाला लागलं आणि विनायकाच्या हाती त्याची फक्त भूक वाढली. ते वीस गुंठे आम्ही घेतले नाहीत. मनातून मात्र अजून पूर्ण गेले नाहीत, हेही खरंच सांगते.

म्हणून आता येणाऱ्या सिनेमांकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघते. हिंसा करणं, करवणं आणि तिला अनुमोदन देणं, तिन्हीचा बंध आपण मानतो. पडद्यावरचं रक्त खोटं असतं, पण ते पाहताना मनात उठणारा भाव खोटा नसतो.

'ॲव्हेंजर्स: डूम्सडे'ची तारीख १८ डिसेंबर २०२६ जाहीर झाली आहे. ज्या रॉबर्ट डाउनी ज्युनियरला आपण आयर्न मॅन म्हणून पाहिलं, तोच आता खलनायक डॉक्टर डूम होणार. लेकाला धक्का बसला. मी म्हटलं, एकच जीव, पर्याय बदलला, यात नवल काय! हा मी बघणार. 'एंडगेम'मध्ये त्याच्या त्यागाने मला रडवलं होतं. मात्र शहरं कोसळताना टाळ्या वाजवायच्या नाहीत, हे ठरवलंय.

'गॉडझिला आणि काँग'चा पुढचा भाग २०२७ मध्ये यायचाय. १९५४ चा जपानी गॉडझिला अणुबाँबच्या भीतीतून जन्मला होता. माणसाचं कर्मच समोर उभं ठाकलं होतं त्यात. आता उरली ती दोन पंचेंद्रिय जीवांची झुंज. कोंबड्यांची झुंज बघवत नाही, मग ही का बघायची? हा मी सोडला.

राहिला तुंबाड. त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर सासूबाईंनी मला सिनेमाची गोष्ट विचारली. पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "चांगली आहे की. लोभाचं फळच दाखवलंय. पण दुसरा भाग कशाला गं? एकात समजलं नाही का?"

लेक आणि मी एकमेकांकडे बघून हसत सुटलो. लोभावरच्या सिनेमाचा आणखी एक भाग हवा म्हणून आम्ही दोघं हपापलेलो होतो!

तरी तो लागला की मी जाणार. फक्त पर्वात नाही, आणि जाण्याआधी सासऱ्यांची वही काढून आमच्या दोघांच्या नावाने मर्यादा लिहिणार. हेही तयार आहेत. आकडा काय लिहायचा, तेवढं अजून ठरत नाही.

ती बाहुली? मोडून पुन्हा मळली, तिच्या दोन चपात्या झाल्या. तुमच्या घरी परिमाणाची वही आहे का गं? असेल तर एकदा उघडून बघा.