आवाज येतो, चित्र हिरवं

तर झालं असं, की मागे एकदा ऐन कामाच्या गडबडीत नानांचा फोन आला. "व्हिडिओ लागत नाही रे. आवाज येतो, पण चित्र सगळं हिरवं."

"नेट स्लो असेल नाना, रिस्टार्ट करा," म्हणून मी मोकळा झालो.

(नेट स्लो असतं तर चित्र अडकलं असतं, गोल गोल फिरत बसलं असतं. हिरवं कशाला होईल? टीममधल्या ज्युनिअरने हे उत्तर दिलं असतं तर मी त्याला झापला असता.)

नाना निवृत्त शिक्षक. धडगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी झाली, आता शहाद्याला असतात. माझा जुना लॅपटॉप त्यांच्याकडे आहे. संध्याकाळी गल्लीतली पाच-सहा पोरं जमवून यूट्यूबवरचं गणित-विज्ञान दाखवायचं, मध्येच थांबवून स्वतः शिकवायचं, हा त्यांचा उद्योग.

तीन आठवड्यांनी वाकडेवाडीहून रात्रीची एसटी पकडून घरी गेलो. लॅपटॉपवर रुमाल टाकलेला. पोरं यायची थांबलेली. शेजारी नानांची वही. काय दाबलं की काय होतं, ते सगळं त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असतं. शेवटची नोंद: "अपडेट विचारले. होय दाबले. तेव्हापासून बिघाड. पुन्हा हात लावू नये."

पोटात कसंतरीच झालं.

चहा न घेताच बसलो. आधी कॅशे साफ केली. त्याने काही होत नाही हे माहीत असतं, तरी करतो आपण, नारळ फोडल्यासारखं :) इनकॉग्निटोमध्येही हिरवंच, म्हणजे एक्स्टेंशनचा दोष नाही. मग व्हिडिओवर राईट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडलं. कोडेक एच.२६४, २००३ सालापासूनचा जुनाजाणता. फ्रेम्सही गळत नव्हत्या.

व्हिडिओ येतो तो दाबून बांधलेल्या गाठोड्यासारखा. ते सोडायचं काम ब्राऊझर शक्यतो ग्राफिक्स चिपवर ढकलतो आणि चिपशी बोलतो ड्रायव्हरमार्फत. आमचा ड्रायव्हर २०१५चा, त्याच्यानंतरचा कुठे मिळेना. क्रोम काय, फायरफॉक्स काय, नवी आवृत्ती दर काही आठवड्यांनी येते. नवा ब्राऊझर आणि दहा वर्षांचा ड्रायव्हर यांचं कुठेतरी बिनसलं असणार. सेटिंग्ज, सिस्टीम, तिथलं ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन बंद केलं, ब्राऊझर पुन्हा सुरू केला.

चित्र आलं! मात्र सगळा भार आता प्रोसेसरवर. ७२० पी ला धापा टाकायला लागला, ४८० पी ला नीट चालला.

नाना मागे उभे होते. "म्हणजे मी होय दाबलं म्हणून नाही?"

"नाही नाना. तुम्ही नसतं दाबलं तरी ते आपोआप झालंच असतं."

ते काही बोलले नाहीत. वही घेतली, शेवटच्या नोंदीवर पट्टीने सरळ रेघ मारली. मग विचारलं, "अ‍ॅक्सिलरेशनला मराठीत काय लिहू, त्वरण?"

"लिहा."

संध्याकाळी दारातून एकाने डोकावलं, "व्हयनं का गुरुजी?" आणि मागोमाग चौघं आत. लॅपटॉपचा पंखा घरघरत होता. नाना म्हणाले, आवाज वाढव, मागे ऐकू येत नाही.